साजरा फेफडा तरंगते

किन्हीराजाच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की एक तांडा लागतो. त्या तांड्यात लग्न ठरलं की पहिला निरोप नवरदेवाच्या मामाला जातो आणि दुसरा देवमन राठोडला. मामा रुसून बसला तरी लग्न लागतं. देवमन रुसला तर बोकड कापणार कोण आणि सळोई रांधणार कोण, हा प्रश्न उभा राहतो. सळोई म्हणजे बोकडाचं रक्त, कलेजी आणि पोटातलं जे जे खाण्यासारखं असतं ते सगळं एका भगोण्यात शिजवलेलं कालवण. ते पुरुषांनीच रांधायचं अशी रीत आहे. आपल्यासारखी सळोई वाशीम जिल्ह्यात कुणाला जमत नाही, असं देवमन कधी स्वतःच्या तोंडानं म्हणाला नाही. फक्त कुणी दुसऱ्याच्या हातची खाऊन आला की तो मायेनं विचारतो, "पोट बरं हाय ना?"

उंचीनं बेताचा, डोक्याला लाल पागोटं, आणि उजवा पाय जरासा ओढत चालणारा असा हा माणूस. वय विचारलं तर म्हणतो, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाले जात होतो. आता तूच लाव हिशोब." विचारणारा हिशोब लावत बसतो, तोवर देवमन निघून गेलेला असतो.

त्याची एक खोड जन्मापासूनची. कुठलीही वस्तू आतून पाहिल्याशिवाय त्याचा तिच्यावर विश्वास बसत नाही. विहिरीवरची मोटर बंद पडली की मिस्त्री येण्याआधी ती याच्या हातून उघडली गेलेली असते. बादलच्या, म्हणजे त्याच्या मुलाच्या, पहिल्या मोबाइलचंही त्यानं असंच आतून दर्शन घेतलं होतं. तो मोबाइल त्यानंतर कधी बोलला नाही. डॉक्टर लोकांबद्दल देवमनची तक्रार हीच होती. ते बाहेरून कान लावतात आणि आतलं सांगतात. बोकड कापल्याशिवाय त्याच्या आत काय आहे ते आपल्याला कळत नाही, मग यांना कसं कळतं?

बायको रुपाबाई. घरातली बोली बंजाऱ्यांची गोरमाटी, पण ती जशीच्या तशी लिहिली तर निम्मी मंडळी पान उलटतील, म्हणून त्यांचं बोलणं इथं वऱ्हाडीत दिलं आहे. भांडण दोन्ही बोलींत सारखंच रंगतं. तांड्यातल्या बाकीच्या बाया केव्हाच साडीत आल्या. रुपाबाई मात्र अजून घेरदार घागऱ्यात आणि आरसे, जुनी नाणी लावलेल्या कांचळीत असते. कांचळी समोरून चिलखतासारखी भरगच्च आणि पाठीमागून उघडी, नुसत्या बंदांनी बांधलेली. केसांत दोन्ही कानांच्या अंगाला चांदीची घुगरी आणि टोपली, पार गळ्याच्या हाडापर्यंत लोंबणारी. नवरा जिवंत आहे तोवर ही घुगरी-टोपली उतरवायची नाही, हा जुना नेम. ती अंगावर असली की गावात कुणाला विचारावं लागत नाही, बाईचा धनी आहे.

तो नेम रुपाबाईनं एकदाच मोडला होता. काही वर्षांपूर्वी किन्हीराजाच्या शाळेत छातीच्या तपासणीचा कॅम्प लागला होता. तिथं छातीचा फोटो काढणाऱ्यानं सांगितलं, अंगावरचं सगळं धातूचं काढा, नाहीतर फोटोत नाणीच नाणी येतील. शाळेतल्या बायांनी आग्रह केला, रुपाबाईनं सगळं उतरवून ओढणीत बांधलं, आणि त्याच आठवड्यात मेडशीकडच्या एका लग्नाहून येताना देवमन नाल्यात पडला. पाय मोडला, प्लास्टर झालं, आणि पाय जुळला तो जरा तिरपाच.

आता खरं काय घडलं होतं, तर त्या लग्नात सळोई फार नावाजली गेली. त्या आनंदात देवमन मोहाची इतकी प्याला की परत येताना पुलाच्या कठड्यावर बसून एका अनोळखी गाढवाला सळोईची कृती सांगत होता. मसाल्यापर्यंत आला आणि तोल गेला. ही गोष्ट त्या दोघांनाच माहीत होती, आणि गाढव काही बोलणार नव्हतं.

देवमननं घरी येऊन सांगितलं ते वेगळं. "तू घुगरी उतरवली, म्हणून माहा पाय गेला."

रुपाबाई एरवी कुणाच्या बापाला ऐकणारी नाही. पण या एका वाक्यानं ती गप्प होत असे. देवमनला आयतंच हत्यार सापडलं. भाकरी करपल्याचा विषय असो, बादलच्या सासरचा असो, भांडण अंगाशी येतंय असं दिसलं की तो पायावर हात ठेवून ते वाक्य काढी. मिठासारखं, चवीपुरतं. भांडण तिथं संपे.

यंदा तूर घरात आली त्या सुमाराला रुपाबाईचा खोकला वाढला. तिला दम लागायची सवय जुनी. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेलं, हिवाळा आला की छातीत शिट्या वाजायच्या, मग ती तोंडात फवारा मारायची आणि पुन्हा कामाला लागायची. यंदाही तसंच असेल असं सगळ्यांनी धरलं. अंगात ताप म्हणावा असा नव्हता. भूक गेली होती, पण ती भांडली की अशीही जेवत नसे. ती बाजेवर पाय खाली सोडून बसल्या बसल्याच झोपू लागली, पायांना सूज आली. देवमन म्हणाला, दमाच आहे, थंडी सरली की बसेल. त्याचं ऐकून बादलही थांबला.

मग एका सकाळी रुपाबाईनं अंगणातल्या शेळीला "मंजू, पाणी आन" म्हणून हाक मारली. मंजू ही सून. मंजूला वाटलं सासू आपल्याला टोमणा मारतेय, म्हणून तिनं मुद्दाम दुर्लक्ष केलं. देवमनलाही त्यात काही नवल वाटलं नाही. पण रुपाबाई शेळीकडे पाहून पुन्हा पुन्हा तेच म्हणायला लागली, आणि दोन शब्दांच्या मधे तिला श्वास पुरेना, तेव्हा देवमन जवळ गेला. तिचे ओठ जांभळट दिसत होते. देवमनला भीती वाटली. अशी भीती त्याला आयुष्यात फार कमी वेळा वाटली होती. तिचं काय करायचं हे त्याला सुचेना, म्हणून तो बादलवर ओरडला, "पाहत काय राह्यला बे? गाडी काढ!"

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गर्दी नेहमीसारखीच होती. सुकेशनी नावाच्या सिस्टरनं रुपाबाईच्या बोटाला चिमटा लावला, त्यावरचा आकडा पाहिला आणि काही न बोलता आधी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. न बोलता काम करणारी माणसं पाहिली की देवमनला अधिकच धास्ती वाटते. मग डॉक्टर आली. तरुण पोरगी, गळ्यात नळी. देवमननं तिला ओळखलं.

"तू भागचंदशेठची तिरशला ना? दुकानात गादीवर बसून चिक्की खात होती."

भागचंदशेठचं बाजारात कापडाचं दुकान. देवमनच्या डोक्यावरचं पागोटं तिथलंच.

"हो काका," त्रिशला म्हणाली, "आता जरा बाजूला व्हा."

तिनं नळी लावून पुढून, मागून ऐकलं. शिट्या होत्या. खाली खरखरही होती. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडत होता. तिनं सिस्टरशी हळू आवाजात काहीतरी बोलून घेतलं आणि मग देवमन आणि बादलला समोर उभं करून सरळ सांगितलं. आजींना श्वास पुरत नाही, याची तीन कारणं असू शकतात. जुना दमा उठला असेल. हृदय थकल्यामुळे फुप्फुसात पाणी भरलं असेल. किंवा न्यूमोनिया असेल. पाणी असेल तर ते लघवीवाटे काढायचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि न्यूमोनिया असेल तर तेच इंजेक्शन त्यांना आणखी कोरडं पाडेल. ऐकून तिन्ही सारखंच वाटतंय, आणि ताप नाही, म्हणून नक्की सांगता येत नाही. चुकायला वेळ नाही. छातीचा फोटो काढू.

"फोटो" म्हटल्यावर रुपाबाईनं डोळे उघडले. शेळी आणि सून यातला फरक तिला त्या सकाळी कळत नव्हता, पण फोटो म्हणजे काय ते कळलं. सिस्टर सुकेशनी तिच्या केसांकडे हात नेत म्हणाली, "आजी, हे काढा लागते. कांचळी बी." रुपाबाईनं दोन्ही हातांनी घुगरी घट्ट धरली.

"नाई."

"थोड्या वेळापुरतंच, आजी."

"नाई. माहा धनी हाय."

एवढं बोलायलाही तिला मास्कच्या आत तोंड उघडून तीनदा श्वास घ्यावा लागला. सिस्टरनं हात सोडवायचा प्रयत्न केला. रुपाबाईनं मान फिरवली, उठायला पाहिलं, आणि चिमट्यावरचा आकडा आणखी खाली गेला. सिस्टरनं हात मागे घेतला.

"काका, तुम्ही सांगा त्यांना," त्रिशला म्हणाली.

देवमन पुढे झाला. "काढ वं. मी सांगून राह्यलो ना, काढ."

रुपाबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्याच्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग पुन्हा मान हलवली.

त्या क्षणी देवमनला सगळं लख्ख समजलं. तो जिवंत आहे, एवढं सांभाळायला ही बाई मरायला तयार होती. आणि हे तिच्या डोक्यात त्यानंच भरलं होतं, वर्षानुवर्षं, चवीपुरतं. आता एकच मार्ग होता. पाय घुगरीमुळे नाही, मोहाच्या दारूनं मोडला, हे सांगायचं. वॉर्डात तांड्याकडचे दोघं-तिघं होते, मेडशीचीही एक बाई होती, बादल शेजारी उभा होता. देवमननं घसा साफ केला.

"रुपे, त्या दिवशी... मी त्या नाल्यापाशी..."

"राहू द्या काका," त्रिशला म्हणाली. "काही काढायची गरज नाही. तशाही त्या फोटोसाठी उभ्या राहू शकणार नाहीत. सिस्टर, मशीन इकडंच घेऊन या."

देवमनचं वाक्य तिथंच राहिलं. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

सिस्टरनं चाकांवरची मशीन ढकलत आणली. वर लहानसा पडदा, खाली वायरीला लावलेला एक ठोकळा, आणि मशीनच्या अंगावर मोठ्या अक्षरांत चिकटवलेला कागद की इथे गर्भलिंग निदान केले जात नाही. आजूबाजूच्या खाटांवरचे नातेवाईक उठून बसले. मेडशीच्या बाईनं तोंडाला पदर लावला. ही मशीन कशासाठी असते ते तिला माहीत होतं. देवमनलाही माहीत होतं. मंजूला दिवस होते तेव्हा त्यानं ती बाहेरून पाहिली होती.

"डाक्टरबाई," तो खाली आवाजात म्हणाला, "हिचं वय काय, ही मशीन काय. लोकं काय म्हनतीन?"

"काका, ही फुप्फुसं बघायला आणली आहे. इथं बसा आणि त्यांना धरा."

रुपाबाईला आडवं करता येत नव्हतं. तिला खाटेच्या कडेवर बसवून पुढे वाकवलं, आणि समोर स्टुलावर बसलेल्या देवमनच्या खांद्यावर तिचं डोकं टेकवलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली असतील. चार माणसांत रुपाबाई नवऱ्याच्या खांद्यावर टेकल्याची ही पहिलीच वेळ. देवमनला हात कुठं ठेवावे कळेना. शेवटी त्यानं ते तिच्या दंडांना लावले आणि तिला पडू दिलं नाही. घुगरी त्याच्या गालाला लागत होती.

त्रिशलानं आधी घुगरी जराशी बाजूला करून गळ्याच्या हाडाखाली ठोकळा लावला, मग दोन्ही कुशींत. पडद्यावर करडं धुकं होतं आणि धुक्याच्या वरच्या अंगाला एक पांढरी रेघ, श्वासाबरोबर इकडून तिकडे सरकणारी. "पुढे दोन्हीकडे बरं आहे," ती सिस्टरला म्हणाली. "पाणी असतं तर इथे वरून खाली उभ्या पांढऱ्या रेघाच रेघा दिसल्या असत्या." ठोकळा तिरपा करून तिनं हृदयही पाहून घेतलं. ते नीट चाललं होतं. मग ती मागे गेली. कांचळी पाठीमागून उघडीच होती. बंद सोडावे लागले नाहीत, ओढणी फक्त वर केली. फोटोला जी कांचळी आडवी आली होती, तिनं मशीनला वाट मोकळी ठेवली होती. त्रिशलानं पाठीवर थंडगार जेली लावली तशी रुपाबाई दचकली.

"कोन पानी टाकून राह्यलं?"

"दवा हाय," देवमन म्हणाला. "गप बस."

डावी पाठ वरपासून खालपर्यंत तशीच, धुकं आणि सरकती रेघ. उजवीकडे वर तसंच. मग ठोकळा उजवीकडे खाली आला आणि धुकं एकदम संपलं. तिथं काहीतरी भरीव, घट्ट दिसायला लागलं. त्यात पांढरे ठिपके होते, आणि रुपाबाईनं श्वास ओढला की ते ठिपके लुकलुकत आत सरकायचे. त्रिशला थांबली. ठोकळा जरा खाली, जरा वर. मग म्हणाली, "हे बघा. सापडलं."

देवमनला पडदा रुपाबाईच्या खांद्यावरून स्पष्ट दिसत होता. तो वाकून पाहायला लागला. जन्मात पहिल्यांदा, न कापता, न उघडता, त्याला आतलं दिसत होतं.

"हे काय हाय, डाक्टरबाई?"

"हे खालचं यकृत. म्हणजे लिव्हर."

"कलेजी."

"हो. आणि त्याच्यावरचं हे, हे फुप्फुस आहे. दोन्ही एकसारखी दिसतायत ना? तशी दिसायला नको होती. फुप्फुसात हवा असते, म्हणून आतलं काही दिसतच नाही, नुसतं धुकं दिसतं. इथे हवेच्या जागी घाण साचली, म्हणून ते मांसासारखं दिसतंय. हा न्यूमोनिया आहे."

देवमननं पडद्यावरची नजर हलवली नाही. मग म्हणाला, "एखांद्या बोकडाचा असा निघते."

"काय?"

"फेफडा. साजरा फेफडा मऊ असते, गुलाबी. पान्यात टाकला का तरंगते. पन बोकड खोकत असन, तर त्याचा असा घट्ट निघते, कलेजीवानी. पान्यात टाकला का बुडते."

त्रिशलाच्या घरात संध्याकाळी दिवे लागायच्या आत जेवणं होतात आणि कांदा-लसूण आणत नाहीत. माणसाची फुप्फुसं ती दिवसातून दहादा पाहत होती. बोकडाच्या फुप्फुसाचं ऐकून तिनं नजर पडद्याकडेच ठेवली.

"बरोबर आहे, काका," ती म्हणाली. "तसंच."

"मंग हिचा बुडला."

"एका बाजूचा. खालचा तुकडा."

देवमनचे हात रुपाबाईच्या दंडांवर घट्ट झाले. त्यानं जे विचारायचं ते विचारलं. "आमी तसा फेफडा फेकून देतो."

"आम्ही नाही फेकत," त्रिशला म्हणाली. "औषध देतो. सिस्टर, ते पाणी काढायचं इंजेक्शन राहू द्या. अँटिबायोटिक चालू करा."

रुपाबाईला तिथंच भरती केलं. सलाइनमधून औषध, नाकाला ऑक्सिजन. दुसऱ्या दिवशी तिनं मंजूला मंजू म्हटलं आणि शेळीला चारा टाकला का विचारलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या भाताला नावं ठेवली. तेव्हा देवमनला जरा धीर आला.

त्रिशला मधूनमधून मशीन घेऊन यायची आणि पाठीचा तो कोपरा पाहायची. देवमन आधीच स्टूल घेऊन पडद्यासमोर बसलेला असे. घट्ट भाग हळूहळू लहान होत गेला, धुकं परत येत गेलं. धुकं म्हणजे चांगलं, हे एकदा डोक्यात बसल्यावर देवमन वॉर्डभर ते सांगत फिरू लागला. कुणाला मूतखडा असो की हात मोडलेला असो, तो खाटेपाशी जाऊन तरंगणाऱ्या फेफड्याची गोष्ट सांगे. शेवटी सिस्टर सुकेशनीनं त्याला हात जोडून सांगितलं, "बाबा, बाहेर जाऊन चहा घ्या. पेशंट जेवून राह्यले." पण पुढच्या आठवड्यात खोकणाऱ्या एका पोराच्या आईला मशीनवरचं समजेना, तेव्हा भागचंदशेठच्या लेकीनं इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हटलं, "बोकडाचा फेफडा पाहिलाय का कधी?"

तांड्यात परत आल्यावर निराळीच पंचाईत. रुपाबाईची सोनोग्राफी झाली ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. मेडशीच्या बाईची बहीण तांड्यातच दिलेली. बाया भेटायला येत, बाजेवर टेकत, आणि रुपाबाईच्या पोटाकडे पाहून घेत. देवमनला एक म्हातारा म्हणाला, "काय बापा, या वयात!" पुढं त्या म्हाताऱ्याच्या नातवाच्या लग्नात सळोईत मीठ कमी पडलं, ते योगायोगानं असेल.

जाताना त्रिशलानं एक गोष्ट बजावून सांगितली होती. दीड महिन्यानं या, आणि त्या वेळी छातीचा फोटो काढावाच लागेल. देवमन म्हणाला होता, तुझीच मशीन लाव ना, ती साजरी हाय. ती म्हणाली, "काका, या मशीनला फुप्फुसाच्या कडेचंच दिसतं. आत मधोमध काही लपलं असेल तर ते फोटोतच दिसतं. इतकी वर्षं धूर घेतलाय त्यांनी. मागे काही राहिलं नाही ना, ते मला बघायचंय."

दीड महिना देवमनच्या डोक्यात तेच. फोटो काढायचा म्हणजे घुगरी उतरवायची. घुगरी उतरवायची म्हणजे त्या नाल्याचं सांगायचं. त्या काळात भांडणं झाली, पण पायाचं वाक्य त्यानं एकदाही काढलं नाही. सगळी भांडणं तो हरला. रुपाबाईला संशय आला की याला बरं नाही.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी ती अंगणात सुपात तूर घोळत बसली होती. देवमन समोर येऊन उकिडवा बसला. त्याला त्या पायानं उकिडवं बसायला त्रास होतो, तरी बसला.

"ऐकून घे. त्या दिवशी मी पेलो होतो."

"कोन्या दिवशी?"

"पाय मोडला त्या दिवशी. घुगरीचं काई नाई. मी पिऊन पडलो."

रुपाबाईनं सूप झाडलं. "मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"तुमाले बाजेवर घालून आनलं, तवा आननाऱ्या चौघाले वासानंच चढली होती. गाढवाचं बी माहीत हाय."

देवमनचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "गाढवाचं कोनं सांगतलं?"

"तुमीच. रातभर त्याच्याच संगं बोलत होते. मसाला किती टाकाचा ते मले बी पाठ झालं."

मग त्याला राग आला. खराखुरा राग. "मंग दवाखान्यात काहून नाई उतरवली? श्वास नव्हता तुह्यात. मरत होती तू! माहीत होतं तर काहून नाई उतरवली?"

रुपाबाई सुपातला एक खडा निवडत होती. तो तिनं बाजूला टाकला.

"तवा दारूनं पडले," ती म्हणाली. "ह्या बारीनं कायनं पडले असते, मले काय माहीत?"

देवमन उठून गोठ्याकडे गेला. त्याचे डोळे भरून आले होते. आपण हिला इतकी वर्षं गप्प केलं असं आपल्याला वाटत होतं, आणि ही आपल्यासाठी गप्प राहत होती. त्यानं पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले. समोर फक्त शेळी होती. तिला चारा टाकून तो परत आला, तोवर रुपाबाईची तूर घोळून झाली होती.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेच्या खोलीबाहेर रुपाबाईनं आपल्या हातांनी घुगरी उतरवली, टोपली उतरवली, आत घालायला मंजूची साधी चोळी आणली होती तीही पाहून घेतली. सगळं ओढणीत बांधून तिनं ते गाठोडं देवमनच्या मांडीवर ठेवलं.

"धरा. अन् हलू नका."

दार बंद झालं. देवमन बाकड्यावर पाठ टेकवून बसला. दोन्ही पाय फरशीवर सपाट टेकवले, दोन्ही हातांनी गाठोडं धरलं. उन्हं त्याच्या तोंडावर येत होती. बादल म्हणाला, "बा, इकडं सावलीत या. चहा सांगू का?" देवमन म्हणाला, "नाई." समोरून एक माणूस स्ट्रेचर नेत होता, त्याला वाट द्यायला सगळे उठले. देवमन उठला नाही. शिव्या खाल्ल्या, पण उठला नाही.

त्रिशला तिथून जाताना थांबली. "काका, असे का बसलात? पाय दुखतोय का?"

"नाई," देवमन मान न हलवता म्हणाला. "तिचा फोटो निंगेस्तोर मले पडाचं नाई."

त्रिशला आत गेली. थोड्या वेळानं फोटो उजेडाकडे धरून तिनं दारातूनच सांगितलं की दोन्हीकडे साफ आहे, मागे काही लपलेलं नाही. बादलनं कुणाला तरी हात जोडले. देवमननं मात्र मान वळवली नाही.

मग रुपाबाई बाहेर आली. तिनं फोटोकडे पाहिलं नाही, डॉक्टरकडे पाहिलं नाही. आधी बाकड्याकडे पाहिलं. देवमन होता तिथंच, होता तसाच बसला होता. तिनं एक मोठा, मोकळा श्वास सोडला आणि हात पुढे केला.

"द्या," ती म्हणाली.